लेप हळदीचा, पेपर कर्क्युमिनचा

आमच्या कर्जत-खालापूरकडे पाय मुरगळला की हळद तेलात गरम करून लेप लावतात, नाहीतर निर्गुडीचा पाला शेकून बांधतात. म्हणून पीएच.डी.च्या प्रस्तावात मी पहिलंच वाक्य लिहिलं होतं : 'पारंपरिक वापरावरून कर्क्युमिन सूज कमी करतं हे दिसून येतं.' ते खोडावं लागलं. तुमच्याही प्रस्तावात हे वाक्य असेल, म्हणून सांगते.

लेपात हळद असते, गरम तेल असतं, वरून फडकं घट्ट बांधलेलं असतं आणि माणूस दोन दिवस पाय टेकत नाही. यातलं नेमकं काय लागू पडलं? शिवाय हळदीत कर्क्युमिन असतं साधारण 3 टक्के.

आता पेपर बघा. 1986 साली सातोसकर, शाह आणि शेणॉय यांनी हर्निया किंवा हायड्रोसीलची शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांना 400 मिलिग्रॅम कर्क्युमिन, 100 मिलिग्रॅम फेनिलब्युटाझोन किंवा नुसतं लॅक्टोज, दिवसातून तीनदा, पाच दिवस दिलं. कर्क्युमिन लॅक्टोजपेक्षा सरस ठरलं. मला हा पेपर आवडतो. प्रयोग माणसांवर आहे, तुलनेला खरं औषधही आहे आणि प्लासिबोही. (आजचे कितीतरी पेपर एवढंही करत नाहीत.) पण मोजकेच जण तीन गटांत वाटले की गटात उरतात थोडेच, दोघा-तिघांचं दुखणं कमी-जास्त झालं तरी निकाल हलतो. आणि जरा हिशेब करा. दिवसाला 1200 मिलिग्रॅम कर्क्युमिन म्हणजे जवळपास 40 ग्रॅम हळद! दुधातल्या चिमूटभर हळदीसाठी हा संदर्भ देऊ नका.

पेशींवरचे पेपर तर आणखी जपून वाचा. कर्क्युमिन मुळात पिवळं रंगद्रव्य. 425 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, स्वतः चमकतं, प्रथिनांना चिकटतं. त्यामुळे प्रकाश मोजणाऱ्या चाचण्या फसू शकतात. 37 अंशांवर, 7.2 पीएचच्या बफरमध्ये अर्ध्या तासात सुमारे 90 टक्के विघटन होतं, हे 1997 मध्येच छापून आलंय. मग पेशींसोबत 24 तास होतं ते काय? तोंडाने 2 ग्रॅम घेतलं तरी रक्तात जेमतेम सापडतं, हे 1998 च्या बंगळुरूच्या अभ्यासातलं.

2017 मध्ये नेल्सन आणि सहकाऱ्यांनी या सगळ्यावर लिहिलेला आढावा जरूर वाचा. त्यांचा सूर मला जरा टोकाचा वाटतो, पण आक्षेप खोडणं अवघड आहे.

माझा प्रस्ताव आता लेपावरच आहे. त्यात एक गट नुसत्या गरम तेलाचा ठेवलाय, हळद न घालता. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग त्या बिचाऱ्यांची सूज कशी उतरायची?"