कोणासाठी हे अश्रू?

ललित लेखन करणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य आपण वरचेवर ऐकतो : 'ही कथा लिहिताना मला स्वतःलाच रडू आवरेना.' हे वाक्य बहुधा प्रशस्तिपत्रासारखे पुढे केले जाते. लेखक रडला म्हणून कथा खरी, खरी म्हणून चांगली, आणि चांगली म्हणून वाचकाने रडलेच पाहिजे, असा सोपा हिशेब त्यामागे असतो. उलटपक्षी, जाणते टीकाकार याच वाक्यावर नाक मुरडतात. आपल्याच करुण कथेने लेखक विरघळू लागला की लेखणीचा तोल गेलाच, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस हे दोन्ही हिशेब अपुरे वाटतात. लेखक रडला की नाही, हा प्रश्न गौण आहे. तो कोणासाठी रडला, हे पाहावयास हवे. आणि त्याचा शोध लिहिलेल्या पानावरच घ्यावा लागतो.

हा वाद जुना आहे. वाचकाला रडवावयाचे असेल तर आधी स्वतः दुःख भोगले पाहिजे, असा सल्ला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन कवी होरेस याने दिला. आपल्याकडे क्रौंचवधाची कथा सर्वांना ठाऊक आहे. जोडीतला एक पक्षी व्याधाच्या बाणाने पडला, दुसऱ्याचा आक्रोश ऐकून वाल्मीकींच्या मुखातून श्लोक निघाला. नवव्या शतकात आनंदवर्धनाने या कथेत काव्याचे मूळ पाहिले. परंतु त्याच्यावर टीका लिहिताना काश्मीरच्या अभिनवगुप्ताने इ. स. १००० च्या सुमारास एक फार मोलाची गोष्ट बजावली. हा शोक मुनीचा खासगी शोक समजू नये; मुनी स्वतःच दुःखाने व्याकूळ झाले असते, तर श्लोक रचण्याची अवस्थाच उरली नसती. दुःख पक्ष्याचे आहे. कवीने त्याला आपल्या अंतःकरणात जागा दिली; पण ते आपल्या मालकीचे करून घेतले नाही.

संत ऑगस्टीन यांनी या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहावयास घेतलेल्या आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये ते सांगतात की, शाळकरी वयात व्हर्जिलच्या काव्यातील डायडो राणीच्या मरणासाठी आपण रडलो. मात्र देवापासून दुरावलेल्या स्वतःच्या जिवासाठी डोळ्यांत टिपूस आले नाही. पुढे नाटकांविषयी लिहिताना त्यांनी नेमके मर्म पकडले आहे. रंगभूमीवरचे दुःख प्रेक्षकाला मदतीसाठी हाक मारीत नाही. ते त्याला केवळ दुःखी होण्याचे आमंत्रण देते, आणि तो त्या दुःखाचे सुख चाखतो. लेखक हा आपल्या कथेचा पहिला प्रेक्षक असतो. त्यामुळे हा धोका सर्वांत आधी त्यालाच असतो.

मराठीत या विषयाचा विचार साने गुरुजींना वगळून करताच येणार नाही. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतली. लिहिताना आपले हृदय पुनःपुन्हा भरून येत होते, हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे. वाचकांचेही तसेच व्हावे, ही अपेक्षाही तेथेच व्यक्त केली आहे. मातृवियोगाचे दुःख त्यांनी कोवळ्या वयात सोसले होते. अशा माणसाने लिहिताना रडावे, यात नवल नाही. पुढे 'रडके साहित्य' म्हणून त्यांच्या लेखनाची हेटाळणीही पुष्कळ झाली.

आम्हांस मात्र वाटते की, हे पुस्तक सरसकट भिजलेले नाही. 'अळणी भाजी' ही त्यातली रात्र पाहावी. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील त्याविषयी एक शब्द न बोलता जेवतात, मुलेही जेवतात; शेवटी आई पानावर बसते, तेव्हा तिला कळते. एवढेच घडते. येथे कोणी हंबरडा फोडीत नाही, तरी एका घरातील माणसे परस्परांना किती जपतात हे आपल्या जिभेवर उतरते. पोहण्याच्या प्रसंगातील आई तर हातात शिंपटी घेऊन भित्र्या श्यामला विहिरीवर पिटाळते. या ठिकाणी लेखकाचे प्रेम अपार आहे, पण आई आपल्या जागी ठाम उभी आहे. ती त्याच्या अश्रूंत विरघळून गेलेली नाही.

मग पुस्तक कोठे सैल पडते? प्रसंग संपल्यावर श्याम निरूपण करू लागतो, तेथे. गोष्ट ऐकणारे सोबती गहिवरतात, श्यामचा कंठ दाटतो, आईच्या थोरवीची विशेषणे एकामागून एक येतात. वाचकाने जे स्वतः अनुभवावयाचे, ते लेखक त्याच्या आधीच अनुभवून मोकळा होतो. आईवरची नजर हळूच आईसाठी झुरणाऱ्या मुलावर येते. गुरुजींच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे येथे कारणच नाही. त्यांचे प्रत्येक आसू खरे होते. पण खरे आसूही कधी कधी चष्म्याच्या काचेवर पडते आणि समोरचे माणूस धूसर करते.

परदेशातही असे घडले आहे. 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'मधील छोट्या नेलच्या मृत्यूचे प्रकरण लिहिताना, जानेवारी १८४१ मध्ये, चार्ल्स डिकन्स शोकाने व्याकूळ झाले होते. त्यांचे समकालीन वाचक ढसढसा रडले. पुढच्या पिढीला मात्र तेच प्रकरण अतिरेकी वाटू लागले.

याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवावीत. १९३४ पासून ती पुस्तकरूपाने आली. वडिलांचे सोवळ्याचे वेड, १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर आलेला दुरावा, अंगावर कोसळलेली निराधार अवस्था. रडावयास कारणे थोडी नव्हती. लक्ष्मीबाई रडल्याही असतील. परंतु पानावर आले ते हसू, स्वतःची फजिती आणि माणसांचे बारीकसारीक चाळे. त्यांनी आपले दुःख दडविले नाही, त्याचा देव्हाराही मांडला नाही. म्हणूनच वाचकाचे डोळे कोठे भरून येतील, हे आधी सांगता येत नाही.

तथापि पानावर न विरलेल्या अश्रूंचे पुढे काय होते, हेही पाहावयास हवे. ऑगस्टीन यांची तक्रार आठवावी : कथेतले दुःख मदतीला हाक मारीत नाही. आपल्या महाराष्ट्रात एका वाटेवर या तक्रारीला उत्तर मिळाले आहे. दौंड तालुक्यातील यवत हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. देहूहून पंढरीस निघालेली तुकोबांची पालखी आषाढी वारीत येथे मुक्कामास असते, आणि गाव वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण घालते. १६३० च्या सुमारास पडलेल्या भयंकर दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. हे मरण त्यांनी आपल्या अभंगात मोजक्या शब्दांत सांगितले. त्यावर शोकाचा विस्तार केला नाही. ज्याच्या घरी अन्नावाचून माणूस गेले, त्याच्या नावाने निघालेल्या पालखीच्या वाटेवर भुकेल्यांसाठी भाकरी थापली जाते. या योगायोगाहून करुणरसाचे दुसरे भाष्य आम्हांस सुचत नाही.

यवतहून ही वाट पुढे पंढरपूरला जाते. तेथे अस्पृश्य गणलेल्या वारकऱ्याला शतकानुशतके विठ्ठलमंदिराच्या बाहेरच थांबावे लागे. ज्यांच्या लेखनाला 'रडके' म्हटले गेले, त्या साने गुरुजींनी मंदिरप्रवेशासाठी महाराष्ट्रभर दौरा केला, मे १९४७ मध्ये पंढरपुरास प्राणांतिक उपोषण मांडले, आणि ते दार उघडले. 'श्यामची आई'त म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावर मोळी चढवावयास मुलाला धाडणारी आई आहे. त्या पानावर लेखक स्वतःसाठी रडला नव्हता, याची साक्ष चौदा वर्षांनी मिळाली.

अर्थात, प्रत्येक लेखकाने उपोषणास बसावे असे आम्ही म्हणत नाही, आणि सत्कृत्याने सैल परिच्छेद घट्ट होतो असेही नाही. वाङ्मयाचा न्याय वाङ्मयाच्याच कसोटीवर व्हावा. पण आज आपल्या नव्या लेखकांच्या कथांत मरणारी आई, दारूने उद्ध्वस्त झालेले घर, परगावी एकटा पडलेला म्हातारा ही माणसे पुष्कळ येतात. ती बहुधा आपल्याच आळीतली असतात. त्यांचे दुःख हे आपल्याजवळ ठेवलेली ठेव आहे. लिहिताना रडू आले तर खुशाल रडावे. मग कागद चार दिवस बाजूला ठेवावा, आणि पुन्हा हाती घेतल्यावर ज्या ओळीत ते माणूस दिसत नाही, केवळ आपला गहिवर दिसतो, ती ओळ खोडावी. तेवढ्याने कथा कदाचित आखूड होईल. पण त्या माणसाची ठेव त्याला परत मिळेल.