टेबल कोणाचे?

संगणकाच्या पडद्याला 'डेस्कटॉप' म्हणताना आपण एक रूपक वापरतो आहोत, हे आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या 'स्टार' या यंत्राच्या पडद्यावर कागद, फोल्डर, टपालाचे ट्रे अशी अख्खी अमेरिकी कचेरी चित्ररूपाने मांडलेली होती. आपल्याकडची लाल फितीत बांधलेली दप्तरे तिच्यात नव्हती, तरी ती कचेरी आपण विनातक्रार स्वीकारली. मात्र रूपकाबरोबर त्याच्या पोटातला प्रश्नही येतो. टेबलावरची वस्तू कुठे ठेवायची हे कोणी ठरवायचे, त्यावर बसणाऱ्याने की ते घडवणाऱ्या सुताराने?

१९८४च्या मॅकिंटॉशने सुताराच्या बाजूने कौल दिला. मेनूची पट्टी पडद्याच्या वरच्या कडेला, आणि ती तिथून हलायची नाही. हा हट्ट निराधार नव्हता. लक्ष्य जितके लांब आणि जितके लहान, तितका तिथे पोचायला हाताला वेळ जास्त, हे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडले होते. पडद्याच्या कडेपलीकडे माऊसचा बाण जाऊच शकत नाही. म्हणून कडेवरच्या पट्टीवर नेम धरावा लागत नाही, हात नुसता वर ढकलला तरी पुरते. विंडोजने मेनू प्रत्येक खिडकीच्या आत ठेवला, तिथे हा फायदा गेला. मॅकची ही पट्टी आज चाळीस वर्षांनंतरही जागची हललेली नाही. अॅपलच्या हुकूमशाहीबद्दल बोलणाऱ्यांनी ही गोष्टही तराजूत टाकली पाहिजे.

पण त्याच मॅकच्या जन्मकथेत एक गमतीदार प्रसंग आहे. ख्रिस एस्पिनोसा हा तरुण कॅल्क्युलेटरचे चित्र तयार करत होता आणि स्टीव्ह जॉब्जना ते दर वेळी नापसंत पडत होते. शेवटी त्याने रेषांची जाडी, बटणांचा आकार, पार्श्वभूमी हे सारे मेनूतून बदलता येईल असा एक संचच बनवून जॉब्जच्या पुढ्यात ठेवला. दहाएक मिनिटांत त्यांना हवा तसा कॅल्क्युलेटर झाला आणि तो पुढे अनेक वर्षे सर्वांना वापरावा लागला. फेरफाराची मुभा किती मोलाची असते हे जॉब्जना स्वतःपुरते पटले होते, असे मी म्हणेन.

विंडोजची उदारता निराळ्या जातीची. १९९२च्या आवृत्तीत तर 'हॉट डॉग स्टँड' नावाची लाल-पिवळ्या रंगांची एक भडक योजनाही होती. ती कोणी गंभीरपणे वापरली असेल तर त्याच्या डोळ्यांना माझा नमस्कार. रंग, चित्रे, आवाज हवे तसे बदला, असा एकूण खाक्या. १९९५ साली स्टार्ट बटण आणि टास्कबार आले. ती पट्टी चारांपैकी कोणत्याही कडेला ओढून नेता येई. मात्र २०१२ साली विंडोज ८ने स्टार्ट बटणच काढून टाकले. ओरड झाली, वर्षभरात बटण परतले, जुना मेनू परतला नाही. २०२१ साली विंडोज ११ आले तेव्हा टास्कबार तळाशी खिळून टाकलेला होता. भिंतींचा रंग भाडेकरूने निवडावा, दारे मात्र मालक वाटेल तेव्हा हलवणार! दिवाळी अंकांची पाने जुळवणारे डीटीपी ऑपरेटर मी पाहिले आहेत. त्यांची नजर मजकुरावर असते, बटणाची जागा बोटांना पाठ असते. अशा माणसाला रंग निवडायला देऊन जागा बदलणे याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही.

लिनक्सच्या जगात हा वाद उघड्यावर झाला. १९९६ साली सुरू झालेल्या केडीईने जवळजवळ सारे बदलू दिले. १९९७च्या ग्नोमने पुढे उलटी वाट धरली. हॅवक पेनिंग्टन या त्याच्या प्रमुख प्रोग्रामरने २००२ साली मांडले की प्रत्येक पर्यायाला किंमत असते: तो तपासावा लागतो, सांभाळावा लागतो, आणि मूळ दोष दुरुस्त करण्याऐवजी एक नवा पर्याय जोडण्याची सवय लागते. हे मला पटते. केडीईच्या सेटिंगांच्या जंगलात हिंडलेल्या कोणालाही पटेल.

पटत नाही ते पुढचे पाऊल. २०११च्या ग्नोम ३ने खिडक्यांवरचे मिनिमाइझचे बटण काढले आणि डेस्कटॉपवरची चिन्हेही हटवली. टेबल तर ठेवले, त्यावर काही ठेवायचे नाही! पण इथे वापरणाऱ्यांच्या हाती एक गोष्ट होती, जी मॅक वा विंडोजवाल्यांच्या हाती कधीच नव्हती. मूळ प्रोग्राम खुला असल्याने काहींनी जुने ग्नोम २ उचलले आणि 'माटे' या नावाने पुढे चालवले. ते आजही चालू आहे.

अर्थात, असे वेगळे बिऱ्हाड थाटायला प्रोग्रामर लागतात. बाकीच्यांसाठी ग्नोमने 'एक्स्टेन्शन'ची खिडकी उघडी ठेवली: इतरांनी लिहिलेले छोटे जोड लावून काढून घेतलेले परत मिळवायचे. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, आणि यातले बरेच जोड तिच्यात बंद पडतात. ते लिहिणाऱ्याने पुन्हा सवड काढून दुरुस्त करेपर्यंत वापरणाऱ्याने थांबायचे.