नेसणें, बांधणें आणि घालणें

वस्त्रांच्या बाबतींत आपल्या भाषेनें मोठा विवेक राखला आहे. धोतर नेसावें, फेटा बांधावा, उपरणें पांघरावें, सदरा घालावा आणि दागिने ल्यावे. हीं क्रियापदें एकमेकांच्या जागीं बसत नाहींत. सदरा शिंप्यानें पुरा केलेला असतो, आपण त्यांत केवळ शिरतों. धोतर मात्र मागावरून अर्धेंच तयार होऊन येतें. उरलेलें काम नेसणाराच्या हातून व्हावयाचें असतें. बारामती-इंदापूरकडील अलीकडचीं लग्नें पाहतां, या पांच क्रियापदांपैकीं नवरदेवाच्या वांट्यास बहुधा 'घालणें' एवढें एकच उरलें आहे, असें म्हणणें भाग पडतें. तो शेरवानी घालतो, नाडी लावून शिवलेलें धोतर घालतो, आणि आधींच बांधून टांचलेला फेटाही टोपीप्रमाणें डोक्यावर घालतो.

शेरवानी परकी आहे, असा आमचा आक्षेप नाहीं. उत्तरेकडील व हैदराबादेकडील दरबारांत एकोणिसाव्या शतकांत रुळलेला तो डौलदार पोशाख आहे. आणि परकेपणा हाच दोष मानला, तर पेशवाईंतील जामाही मोगली वळणाचाच होता. आमचें म्हणणें निराळें आहे. लग्नांतील वस्त्रांना कामें नेमून दिलेलीं आहेत. उपरणें ही शोभेची वस्तु नव्हे. सप्तपदीच्या वेळीं वधूच्या वस्त्राशीं त्याचीच गांठ मारावयाची असते. शेरवानीच्या खांद्यावर टांचण्यांनीं अडकविलेली ओढणी सोडवितां सोडवितां भटजी खोळंबतात, तेव्हां आपण कोणतें वस्त्र कशाच्या जागीं आणलें, हें लक्षांत येतें.

नेसण्याची रीत अवघड नाहीं. सुमारें पांच वारी धोतर कमरेमागून धरून दोन्ही टोकें पुढें आणावीं व नाभीखालीं घट्ट गांठ द्यावी. एक टोक चुणून पायांमधून मागें न्यावें व त्याचा कासोटा खोंचावा. दुसऱ्याच्या सारख्या निऱ्या करून पुढें खोंचाव्या. कासोटा सैल राहिला, तर बोहल्यावर चढतांना एक हात कमरेशीं गुंततो. फेट्याचें एक टोक शेमल्यापुरतें मोकळें सोडावें, कापडास पीळ देत प्रत्येक फेर मागल्या फेरावर किंचित् दाबून घ्यावा, आणि शेवटीं उरलेल्या टोकाच्या चुण्या करून तुरा काढावा. मुंडावळ्या त्यानंतर बांधाव्या. बारामती ही मोरोपंतांची (१७२९–१७९४) कर्मभूमि. आर्येंत मात्रांचा हिशेब चुकला कीं चरण लंगडतो. निऱ्यांचेंही तसेंच आहे. दोन्ही ठिकाणीं शोभा बंधनांतूनच निपजते.

परंतु खरी हानि शोभेची नव्हे. पूर्वीं लग्नाच्या सकाळीं मामा किंवा चुलता गुडघे टेकून नवऱ्या मुलाच्या निऱ्या सारख्या करीत असे. त्या दहा मिनिटांत दोघांत फारसें बोलणें होत नसे. तरी वडीलधाऱ्याच्या हातून मुलाला कांहीं तरी पोंचत असे. आज पाहुण्यांना फेटे बांधण्यासाठीं कारागीर बोलावतात. तो एकामागून एक डोकीं झपाट्यानें सजवितो, आणि त्याचें कसब वाखाणण्यासारखें असतें. तेव्हां ही विद्या मेलेली नाहीं. ती घरांतून उठून मजुरीला गेली आहे.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. जुन्या वेषावरून जात ओळखूं येई, आणि कोणी काय ल्यावें-नेसावें यावर गांवाचा पहारा असे. डिसेंबर १९२७ मध्यें महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं स्त्रियांना लुगडें नेसण्याची जुनी तऱ्हा व खुणेचे दागिने टाकून देण्यास सांगितलें, तें याच कारणानें. वेषाचा डाग ज्यांनीं सोसला, त्यांनीं कोट-पाटलोण जवळ केली, तर त्यांना परंपरेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणासही नाहीं. पण इंदापुरावरून जाणारा हमरस्ता पुढें सोलापुरास पोंचतो, आणि तेथें याचें एक उत्तरही सांपडतें. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेंत योगदंडाच्या प्रतीकात्मक विवाहाचा अक्षता सोहळा होतो. सात नंदीध्वजांचे मानकरी निरनिराळ्या समाजांचे, परंतु अंगावर सर्वांच्या पांढरी बाराबंदीच. बाराबंदीला गुंड्या नसतात. तिचे बंद बांधावे लागतात. जातीची खूण गळून पडली, तरी हाताचें कसब राहूं शकतें, हें तेथें दिसतें.

म्हणून आमचें मागणें माफक आहे. नवरदेवानें शेरवानी घालावयाची तर खुशाल घालावी. पण लग्नघटिकेपुरतें तरी एक वस्त्र स्वतःच्या हातानें नेसावें किंवा बांधावें. त्यासाठीं घरांतील म्हाताऱ्या माणसाला दिवाळींतच विचारून ठेवावें. लग्नाच्या दिवशीं विचारावयास गेल्यास मंडपांत वेळ नसतो, आणि पुढें विचारूं म्हटल्यास तें माणूस नसतें.