'शेवटचा' कोणी ठरवला?

जेम्स फेनिमोर कूपरची 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१८२६) मी पुन्हा वाचली आणि तिच्या नावापाशीच अडलो.

कथा १७५७ ची. उत्तर अमेरिकेच्या भूमीसाठी इंग्रज-फ्रेंच लढत होते. दोन्ही बाजूंनी मूळनिवासी मेले. जमीन मात्र त्यांचीच गेली. कूपरने त्यांचे दोन साचे केले : गोऱ्यांशी इमान राखणारा उन्कस थोर, सूड घेणारा मागुआ राक्षस. हा मागुआ छातीवरच्या जखमा अभिमानाने दाखवतो. इंग्रज अधिकारी मन्रोच्या हुकमाने पाठीवर उठलेले वळ मात्र झाकावे लागतात, असे सांगतो. कादंबरीतले सर्वांत खरे वाक्य खलनायकाच्या तोंडी आहे! आपल्या वाचकाला ते वळ ओळखू येतील.

शेवटी उन्कस मरतो आणि लेखक हळहळतो. पण मोहिकन संपले कुठे? अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ते बंडखोर वसाहतींच्या बाजूने लढले, तरीही पुढे विस्कॉन्सिनपर्यंत रेटले गेले. स्टॉकब्रिज-मन्सी समाज म्हणून ते आजही तिथे आहेत.

जिवंत माणसांना 'शेवटचे' म्हटले की त्यांची जमीन बेवारस ठरते. कादंबरीनंतर चारच वर्षांनी, १८३० मध्ये, मूळनिवाश्यांना मिसिसिपीपलीकडे हटवण्याचा कायदा झाला. म्हणून ही हळहळ मी नाकारतो. आसवे ढाळणाऱ्याला आधी विचारले पाहिजे : जमीन कोणाकडे आहे?