भावंडांची तुलना आणि कुटुंबाचे उत्पन्न : एक आक्षेप

वंध्यत्वावरील उपचारांनंतर जन्मलेल्या बालकांचे जन्मवजन इतरांहून काहीसे कमी भरते, ही गोष्ट अनेक देशांत आढळून आली आहे. हा परिणाम उपचाराचा की उपचार घेणाऱ्या जोडप्यांच्या मूळ परिस्थितीचा, हा वादाचा विषय होय. अलिस गोइसिस व त्यांचे सहकारी यांनी फिनलंडमधील ६५,७२३ बालकांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मधून त्याचे उत्तर दिले. सर्वसाधारण तुलनेत उपचारोत्तर बालके सरासरीने ६० ग्रॅम हलकी होती. परंतु एकाच कुटुंबातील एक उपचाराने व दुसरे नैसर्गिक रीतीने झालेले भावंड घेता हे अंतर ३१ ग्रॅमवर आले, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीस ते उतरले नाही. युक्तिवाद सुंदर आहे. तथापि तो जसाच्या तसा आपल्याकडे आणण्याचा मोह आवरावा, असे आम्हांस वाटते.

या पद्धतीची सारी भिस्त एका गृहीतावर आहे : दोन्ही भावंडांच्या जन्मकाळी घरची स्थिती जवळजवळ सारखीच असते. फिनलंडमध्ये उपचारांच्या खर्चाचा मोठा भार सार्वजनिक व्यवस्था उचलीत असल्याने हे गृहीत बहुधा खपून जाते. भंडारा जिल्ह्यातील एखादे धान पिकविणारे कुटुंब घ्या. आयुष्मान भारत योजनेतून वंध्यत्वोपचार वगळलेले आहेत. म्हणजे नागपूरच्या खेपा, औषधे, बुडालेली मजुरी हे सर्व पदरचे. त्यासाठी शेत गहाण पडले असेल, तर गर्भवतीच्या ताटातले अन्नही त्याच कर्जाने कमी होते. पुढे नैसर्गिक रीतीने दुसरे मूल झाले, तर ते कर्ज फिटल्यानंतरचे असू शकेल. अशा दोन भावंडांच्या वजनांतील अंतर औषधाचे किती व उपासमारीचे किती, हे ही पद्धती सांगू शकत नाही. येथे उत्पन्न ही उपचाराच्या आधीची स्थिर बाब नव्हे. उपचारच तिला बदलतो. शिवाय ज्यांना उपचार परवडतच नाहीत, ती जोडपी कोणत्याच तुलनेत येत नाहीत.

हा केवळ पद्धतीचा काथ्याकूट नव्हे. २,५०० ग्रॅमहून कमी वजनाच्या अर्भकांना जगविण्याचा भार येथे बव्हंशी सरकारी नवजात कक्षांवर पडतो. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील अशाच कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागून १० अर्भके दगावली, ७ वाचविता आली. त्यांतील अनेकांचे आईबाप मोलमजुरी करणारे होते. उपचार निर्धोक ठरला म्हणून जन्मवजनाचा प्रश्न मिटला असे मानणे अशा ठिकाणी परवडणारे नाही.

मग अभ्यास करावा कशावरून? जन्मवृत्ताच्या प्रपत्रात जन्मवजन, गर्भावधी, मातापित्यांचे शिक्षण व व्यवसाय यांना जागा आहे. उत्पन्नाला नाही, गर्भधारणेच्या रीतीलाही नाही. साहाय्यित प्रजननविषयक २०२१ च्या कायद्याने उपचारकेंद्रांची राष्ट्रीय नोंदवही आणली. या दोहोंचा उद्या मेळ घातला, तरी उपचारापूर्वीचे आणि उपचारानंतरचे उत्पन्न निरनिराळे विचारल्यावाचून, आणि तेही घरोघर जाऊन, भंडाऱ्यापुरते तरी उत्तर मिळावयाचे नाही.