हातोडा आणि तारीख

मालिकेतला न्यायाधीश दर दोन मिनिटांनी हातोडा आपटतो. हा आला कुठून? ज्या इंग्रजांकडून आपण कोर्टं घेतली, त्यांचे न्यायाधीशही तो वापरत नाहीत. तो अमेरिकेचा! आपल्या कोर्टात हातोडा येतो तो सुतार आला तरच. गीतेचंही तेच. १९६९च्या शपथ कायद्यात ईश्वरसाक्ष सांगा किंवा प्रतिज्ञेवर, ग्रंथावर हात ठेवायची सक्ती नाही. मालिकेत मात्र गीतेवर हात ठेवून लोक बेधडक खोटं बोलतात. (खोटं बोलण्यापुरतं ते दृश्य खरं आहे.)

तळेघरचे आमचे एक स्नेही, बांधाच्या दाव्यापायी केस पिकलेले, हे सगळं चालवून घेतात. त्यांचा आक्षेप निराळाच. 'अदालत' या हिंदी मालिकेतले के. डी. पाठक साक्षीदाराची भंबेरी उडवू लागले, की हे विचारतात, "अहो, पण हे लिहून कोण घेतंय?" प्रश्न बिनतोड आहे. खऱ्या कोर्टात साक्षीदार एक वाक्य बोलतो, न्यायाधीश ते टायपिस्टला सांगतात, आणि टकटक थांबेपर्यंत सत्यालाही ताटकळावं लागतं.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात हे अगदी असंच आहे. त्यातल्या म्हाताऱ्या शाहिरावरचा आरोप हास्यास्पद, पण सुटका काही होत नाही. तो मी यांना कौतुकानं दाखवला. अर्ध्या तासात उठले.

"नुसत्या तारखाच की! त्याला टीव्ही कशाला? सकाळची एस्टी धरतो."

आणि पुन्हा 'अदालत' लावायला सांगून, आवाज उतरवून म्हणाले, "या पाठकसाहेबांची फी किती असेल हो?"