पोळीही सोडली, भातही सोडला. मग बरं कशानं वाटलं?

दिवाळीनंतर आईने पोळी आणि भात एकाच दिवशी सोडला. आमच्या मळवलीत घरामागेच इंद्रायणी तांदळाची खाचरं आहेत, त्यामुळे भात सोडणं ही काही लहान गोष्ट नव्हे. तीन महिन्यांत पोट फुगायचं थांबलं, वजन चार किलो उतरलं. "ग्लुटेन सोडलं ना, म्हणून," असं ती आता लोकलमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईलाही सांगते. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर इथेच तिला अडवायला हवं. कशावरून?

मुळात तिने दोन चलं एकदम बदलली. ग्लुटेन हे कर्बोदक नव्हे, गहू, जव, राय यांतलं प्रथिन आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणीत ते नसतं. म्हणजे ताटभर इंद्रायणी भात ग्लुटेनमुक्त, लोणावळ्याची गूळ-शेंगदाण्याची चिक्कीसुद्धा ग्लुटेनमुक्त, आणि दोन्हींत कर्बोदकं भरपूर! 'लो-कार्ब' आणि 'ग्लुटेन-फ्री' हे शब्द पाकिटावर जोडीने येतात, पण ते दोन वेगळे प्रयोग आहेत.

हा गुंता सोडवताना मला ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचे दोन पेपर फार आवडतात. जेसिका बिएसिएकिएर्स्की आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये सिलिअॅक आजार नसलेल्या, पण पोटाच्या तक्रारी असलेल्या 34 जणांना रोज ब्रेड आणि मफिन दिले, काहींना ग्लुटेन घातलेले, काहींना बिनग्लुटेनचे. ग्लुटेनवाल्या 19 पैकी 13 जणांच्या तक्रारी आटोक्यात राहिल्या नाहीत, दुसऱ्या गटात 15 पैकी 6 जणांच्या. झालं, ग्लुटेन दोषी!

पण 2013 मध्ये याच गटाने स्वतःचाच निष्कर्ष पुन्हा तपासला. या वेळी 37 जणांना आधी दोन आठवडे 'फॉडमॅप' कमी असलेला आहार दिला. फॉडमॅप म्हणजे आतड्यात नीट शोषली न जाणारी, तिथे आंबणारी छोटी कर्बोदकं. गव्हातलं फ्रुक्टान हे त्यातलंच, आणि ते कांदा-लसणातही असतं. एवढ्यानेच सगळ्यांना बरं वाटलं. मग प्रत्येकाला आळीपाळीने जास्त ग्लुटेन, कमी ग्लुटेन आणि ग्लुटेनऐवजी व्हे प्रोटीन असे तीन आहार दिले. तिन्हींत तक्रारी सारख्याच वाढल्या. निव्वळ ग्लुटेनमुळे त्रास झालेले फक्त 8 टक्के.

हा पेपर वाचताना टाळ्या वाजवून पुढे जाऊ नका. 37 ही संख्या लहान आहे. एक आठवड्याचा आहार म्हणजे फार काळ नव्हे. व्हे प्रोटीन सगळ्यांच्या पोटाला निरुपद्रवी असतं, हे गृहीतकच. शिवाय पुढच्या तीन दिवसांच्या फेरचाचणीत आहार कोणत्या क्रमाने मिळाला याचाच परिणाम दिसला. मला त्याचा अर्थ असा लागतो की आता त्रास होणार, या धास्तीनेच पोट बिघडत असावं. 2018 मध्ये ऑस्लोच्या संशोधकांनी 59 जणांवर ग्लुटेन, फ्रुक्टान आणि प्लासिबो असं वेगवेगळं तपासलं. सर्वाधिक त्रास 24 जणांना फ्रुक्टानने झाला, 13 जणांना ग्लुटेनने, आणि 22 जणांना प्लासिबोने! त्यामुळे 'ग्लुटेन नाही, फ्रुक्टानच' असं घाईने म्हणणाराही आईच्याच वाटेने चाललाय.

वजनाचं उत्तर बहुधा सोपं आहे: दोन वेळची भाताची वाढ गेली. भारतीयांसाठी आकडा हवा असेल तर आयसीएमआर-इंडियाबचा 2022 चा पेपर वाचा. 18,090 प्रौढांच्या माहितीवरून नुकत्याच निदान झालेल्या मधुमेहींसाठी त्यांनी एकूण उष्मांकाच्या 49 ते 54 टक्के कर्बोदकं सुचवली. पण ते गणिती प्रारूप आहे, लोकांना तसा आहार देऊन केलेली चाचणी नव्हे. आणि 49 टक्के म्हणजे भात बंद नव्हे.

आईच्या बाबतीत खरी चूक वेगळीच झाली, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत. सिलिअॅक आजार उत्तर भारतात जास्त, दक्षिणेत फार कमी आढळतो, पण आपल्याकडे नसतोच असं नाही. त्याची रक्तचाचणी शरीराने ग्लुटेनविरुद्ध उभारलेली प्रतिपिंडं शोधते. गहू सोडला की ती हळूहळू कमी होतात आणि आजार असूनही अहवाल साफ येऊ शकतो. चाचणी आधी, पथ्य नंतर. मी जीवरसायन शिकलेली, मला हे ठाऊक होतं, तरी तिला बरं वाटतंय म्हणून गप्प बसले. आता डॉक्टर म्हणतात, काही आठवडे पुन्हा पोळी खा, मगच रक्त द्या. आई म्हणते, "बरं झालेलं पोट मी तुझ्या प्रयोगासाठी बिघडवू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काल स्वयंपाकघरात हिंगाची डबी उलटी करून पाहिली. घटकांत गव्हाचं पीठ! म्हणजे तीन महिने आमटीतून थोडं ग्लुटेन जातच होतं. तिला दाखवलं, तर ती बराच वेळ हसली आणि मग म्हणाली, "बरं, सोमवारपासून एक पोळी. पण भात नाही, आणि कांदा जसा खाते तसाच खाणार."

एका वेळी एकच बदल. मी वही काढून तारीख घातली.